अण्णांच्या गुडघ्यावरची बोटं

अण्णा गेल्याची बातमी मला फोनवर कळली. सकाळची वेळ होती. सांगलीतल्या आमच्या घरात बाजाराकडून येणारा हळदीचा कोरडा वास भरून राहिला होता आणि मी खिडकीत पेपर घेऊन बसलो होतो. उंब्रजच्या एसटीडी बूथवरून अण्णांचा थोरला मुलगा बोलत होता. "मास्तर, आण्णा गेलं," एवढंच तो म्हणाला आणि मग बराच वेळ नुसती खरखर येत राहिली... मागून हायवेवरचे ट्रक जात होते. मला वाटत राहिलं की आता या खरखरीतून अण्णांचाच आवाज येईल, कुस्त्यांचं मैदान सुरू होण्याआधी यायचा तसा. माइकवर दोन फुंकरा आणि मग, "गप बसा मंडळी. माती काय म्हणतीया ते ऐका."

दिनकरअण्णा कुस्तीचे निवेदक होते. सातारा-सांगलीकडच्या वाचकांना हे सांगायला नको, पण या पुरवणीचे वाचक लांबलांबचे आहेत. आमच्याकडे यात्रेच्या कुस्त्यांना माणूस जितका पैलवानासाठी जातो तितकाच निवेदकासाठीही जातो. अण्णांचा आवाज भोंग्यातून निघाला की उसाच्या फडावरून तरंगत पार नदीच्या वळणापर्यंत जाई. संध्याकाळी मैदानावर लाल धूळ उठलेली असायची, तिच्यात उन्हं अडकलेली असायची आणि त्या तांबूस धुक्यातून कुणी पाय ओढून पट काढला, कुणी मागून कब्जा घेतला हे अण्णा असं सांगत की घरात भाकऱ्या थापणाऱ्या बाईलाही कुस्ती दिसे. पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या आजोबांनी कुठल्या मैदानात कुणाला अस्मान दाखवलं, सगळं त्यांना पाठ. आम्ही दोघं लहानपणी उंब्रजजवळच्या एकाच तालमीत जायचो. माझा खांदा दोनदा निसटला, मग मी शिक्षक झालो आणि सांगलीत स्थायिक झालो. अण्णा मातीतच राहिले. तरी दर हंगामात मी त्यांच्या शेजारी जाऊन बसे. कौतुक कसं करावं हे मला कधी जमलं नाही, शेजारी बसणं जमलं.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मैदानाच्या आदल्या दुपारी अण्णा सांगलीला माझ्या घरी आले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आले होते. चहाचा कप धरताना त्यांची बोटं बशीच्या कडेनं चाचपत गेली तेव्हाच मी ओळखलं. साखरेनं दोन्ही डोळे नेले होते. "मास्तर, धुकं पडलंया. आता ते उटणार न्हाई," ते म्हणाले. मी म्हटलं, मग उद्याचं मैदान नको. त्यावर ते हसले. "आवं, माती कानानं कळती मला. ह्यो कुटला आन त्यो कुटला, एवडं कुनीतरी सांगाय पायजे."

कानात सांगावं तर माइक ते ओढून घेणार. म्हणून आम्ही बोटांची भाषा केली. सत्काराची शाल अण्णा मांडीवर पसरून बसत आणि तिच्याखाली माझा हात असे. नदीच्या अंगानं आलेला पैलवान म्हणजे डावा गुडघा, समोरचा म्हणजे उजवा. बोट ओढलं की पट, मूठ दाबली की कब्जा, पूर्ण पंजा टेकला की चितपट. आणि अगदी सुरुवातीला दोन हलक्या थापा. म्हणजे जोड मातीत उतरली आहे, आता बोला. हळूहळू माझ्या बोटांची गरज कमी झाली. हलगीची लय, श्वासाची धाप, मांडीवरचा शड्डू यांवरून अण्णांना माझ्याआधी कळे आणि माझा पंजा टेकेपर्यंत ते निकाल सांगून मोकळे झालेले असत. तरी त्यांना तो हात तिथं हवा असायचा. ते हंगाम मला आता पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसतात... धूळ, हलगी, शालीखालचा ऊबदार काळोख आणि त्यात माझी बोटं.

हे माहीत असलेला तिसरा माणूस एकच, बाबालाल. उंब्रजमध्ये त्याचं लाउडस्पीकरचं दुकान आहे. अण्णांची सगळी मैदानं त्याच्याच भोंग्यावर झाली. आमच्या मागेच तो यंत्रापाशी बसे, त्यामुळे शालीखाली काय चाललंय हे त्याला पहिल्याच दिवशी दिसलं. त्यानं कधी विचारलं नाही. फक्त पुढच्या मैदानापासून माइकचा दांडा तो अण्णांच्या ओठांपासून बरोबर वीतभर अंतरावर लावू लागला, म्हणजे अण्णांना तो हातानं शोधावा लागू नये.

माझ्या भावाचा मुलगा सुधीर अमेरिकेत इंजिनीअर आहे. दोन वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला होता. आपल्याकडच्या लाल मातीतल्या कुस्तीवर त्यानं इंटरनेटवर एक पान तयार केलं होतं, तिकडच्या आपल्या लोकांसाठी. मला म्हणाला, काका, दिनकरअण्णांबद्दल सांगा ना. गच्चीवर वारं सुटलं होतं, नदीकडून गारवा येत होता, आणि ज्याच्याबद्दल इतकी वर्षं आत साठवलं होतं त्याच्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच मला विचारत होतं. मी सांगत गेलो. आणि त्या भरात डोळ्यांचंही सांगितलं, शालीचं सांगितलं, कुठल्या गुडघ्यावर काय तेसुद्धा सांगितलं. मला ते अण्णांचं मोठेपण वाटत होतं. थोडं माझंही वाटत होतं, हे आज कबूल करतो. माझं नाव मात्र घालू नकोस, तुझंही नको, असं मी सुधीरला बजावलं.

मला इंटरनेट म्हणजे अमेरिका वाटायची. पेपरात आलं तर ते गावात येतं, पारावर वाचलं जातं, म्हणून पेपरात द्यायचं नाही एवढी समज मला होती. पण इंटरनेटवर घातलेलं साता समुद्रापलीकडे जातं आणि तिकडेच राहतं, अशी माझी भाबडी कल्पना होती. लांब गेलेल्या पोराजवळ घरातली गोष्ट बोलावी तसं ते मी बोललो. पुढच्याच हंगामात पुण्याला कॉलेजात शिकणाऱ्या कुणाच्या तरी मुलानं ते पान कागदावर काढून गावी आणलं आणि चहाच्या टपरीवर त्याचं मराठी करून वाचलं.

त्यानंतरचं पहिलं मैदान मी विसरू शकत नाही. गाव मोठं होतं, नाव घेत नाही. आम्ही बसलो, अण्णांनी शाल पसरली आणि समोरच्या पोरांत खसखस पिकली. दोघंतिघं एकमेकांच्या गुडघ्यावर बोटं मारून दाखवत होते. आमची ती शालीखालची भाषा उघड्यावर आली होती, आणि ती परक्या हातांत इतकी पोरकट दिसत होती की मीच मान खाली घातली. मग कुस्ती रंगात आली असताना एकजण ओरडला, "आण्णा, पैलवानाच्या लंगोटाचा रंग कंचा?" मैदान हसलं. अण्णांचा गुडघा माझ्या हाताखाली एकदाच थरारला. मग भोंग्यातून त्यांचा आवाज आला, संथ, "रंग दिसत न्हाई रं गड्या. पर तुजा आवाज वळखला. तुज्या बापाची कुस्ती म्याच सांगिटली हुती. लय लवकर सपली." मैदान पुन्हा हसलं, या वेळी अण्णांच्या बाजूनं. त्यांनी शेवटच्या जोडीपर्यंत निवेदन केलं, माइकवर बांधलेला आपला रुमाल तसाच ठेवला आणि खाली उतरले. नंतर ते कुठल्याही मैदानावर गेले नाहीत. प्रकृतीमुळे निवृत्ती घेतली असं जे सगळीकडे छापून आलं, ते खरं नाही.

हे बाहेर गेलं कुणाकडून, याची चर्चा झाली तेव्हा बोट बाबालालकडे वळलं. तो मागे बसायचा, शिवाय त्याचा मुलगा कराडला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. लोकांना एवढं पुरलं. मी स्वतःचीच गोष्ट उघड करीन असं कुणाच्या मनातही आलं नाही, उलट "मास्तर बिचारे" म्हणून माझी कीव झाली. यात्रा कमिट्यांनी बाबालालला बोलावणं बंद केलं. लग्नांची कामं गेली, त्याच्या दुकानासमोरून जाताना लोक "कानाला खडा" असं मोठ्यानं म्हणू लागले. मी सांगलीत होतो. सांगली काही लांब नाही. पण मी गेलो नाही.

अण्णांची आणि माझी शेवटची भेट त्यांच्या ओसरीवर झाली. दुपार कलली होती, ते बाजेवर पडून होते आणि दूर कुठल्यातरी लग्नातला भोंगा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या इंटरनेटवर माजा आवाज हाय का?"

मी म्हटलं, नाही, नुसता मजकूर आहे आणि एक फोटो.

"मंग तितं म्या न्हाईच की," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मला वाटलं, आता सांगावं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांनीच माझा हात शोधून धरला. "येक काम करा. बाबालालला सांगा, माजा राग न्हाई. मानूस हाय, बोलून जातो. म्या कवाच सोडून दिलंया."

मी "सांगतो" म्हणालो. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. ती माफी माझी होती. ती त्यांनी माझ्याच हातात दिली, दुसऱ्याच्या नावानं, आणि मी ती खिशात घालून सांगलीच्या एसटीत बसलो.

अण्णा गेल्यावर दोन आठवड्यांनी मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन ते पान उघडून घेतलं. खाली लोकांनी अभिप्राय लिहायची जागा असते, तिथं श्रद्धांजल्यांची रांग लागली होती. कुणी कुवेतहून, कुणी शिकागोहून. एकानं लिहिलं होतं, आमचे अण्णा. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. लहानपणी त्यानंही कुठल्यातरी उसाच्या बांधावरून तो आवाज ऐकला असेल... नामवंत माणूस जातो तेव्हा प्रत्येकाचा थोडाथोडा जातो. पण जे थोडं फक्त त्याचं असतं, शालीखालचं, तेही आता त्या काचेवर सगळ्यांसाठी उजेडात पडून होतं. सुधीरला फोन करून पान काढायला सांगितलं. तो म्हणाला, काका, ते इतक्या ठिकाणी उतरवून घेतलंय की मी काढून आता काही उपयोग नाही.

पुढच्या महिन्यात उंब्रजच्या बाजूला एक मैदान आहे. कमिटीनं मला अण्णांवर दोन शब्द बोलायला बोलावलं. मी हो म्हटलं, आणि भोंगा बाबालालचा असेल तरच, असंही म्हटलं. मग उंब्रजला गेलो.

बाबालाल दुकानात एकटाच होता, जुन्या यंत्राची तार जोडत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आधी अण्णांचा निरोप सांगितला. त्यानं मान वर केली नाही. "मला माफ केलं? कशाबद्दल?" मग मी उरलेलं सांगितलं. गच्ची, सुधीर, सगळं. बाहेरून ट्रक जात होते, एका ट्रकच्या आवाजात माझं एक वाक्य बुडालं, ते मी पुन्हा म्हणालो.

त्यानं तारेचं टोक सोलून खाली ठेवलं. मग म्हणाला, "आण्णा जाताना माज्यावर तसाच इस्वास ठिवून गेलं आसतं, तर बाकीचं म्या सोसलं आसतं. ते तुमी खाल्लंसा, मास्तर."

मी म्हटलं, मी पेपरात लिहितो, नावानिशी.

"लिवा की. सकाळी पेपर येतो, सांच्याला त्यात भजी बांधत्यात. आमच्या मानसांनी भोंग्यातनं आयकलं पायजे. तुमच्या तोंडनं."

तर हे लिहिलं आहे. बाबालालनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मी. पण हे अर्धंच काम आहे.

त्या दिवशी निघताना बाबालालनं मला थांबवलं. फळीवरून एक माइक काढला. त्यावर अण्णांचा रुमाल अजून तसाच बांधलेला होता, धुळीनं तांबूस झालेला. अण्णांच्या शेवटच्या मैदानानंतर तो माइक त्यानं कुणाला दिलेला नाही. त्यानं तो दांड्यावर बसवला, दाराबाहेरच्या भोंग्याला जोडला, बटण दाबलं आणि स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो, तर माइक माझ्या ओठांपासून बरोबर वीतभर लांब होता. "आवाज बगू दे कसा येतोय," तो म्हणाला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला.

इतक्या वर्षांत मी त्या माइकवर एक अक्षर बोललो नव्हतो. मी फुंकर मारली. भोंगा घुमला, रस्त्यावरची दोनचार माणसं वळून बघायला लागली. हात मांडीवर पडला होता, आणि माझ्या नकळत बोटं हलली. माझ्याच गुडघ्यावर दोन हलक्या थापा.