शेवटची षटकं कुणाला देतात

ये गं, जवळ ये. दारात उभ्या उभ्या बोलायची माझी पद्धत नाही, तुला माहीत आहे. किती शुक्रवार झाले? फोन केला की "मावशी, ड्युटी आहे." अगं, ड्युटी सगळ्यांनाच असते. तुझीच बरी दर शुक्रवारी बरोबर पाच वाजता लागते! मला काय कळत नाही होय? समोर सापडत नाहीस, म्हणून लिहायला बसले. नाव लिहीत नाही तुझं. कुवेतमध्ये आपल्या मराठी सिस्टर काय थोड्या आहेत? कोण ओळखतंय.

तुला ठाऊक असलेलंही जरा सांगेन हं, कारण आपल्या मराठी मंडळाच्या अंकात हे वाचणारे बाकीचेही आहेत. तर सालमियातला आमचा फ्लॅट. क्रिकेटचा सीझन सुरू झाला की शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये मंडळी जमतात. आमचे हे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. रिफायनरीत वेल्डिंग करणारे आपले मालवणचे मिस्त्री, ते अहमदीकडून बस बदलून येतात. आणि खालच्या मजल्यावरच्या पुण्याच्या डॉक्टरीणबाई. टीम सगळ्यांची एकच. टीमचं नाव लिहीत नाही. सध्या हरतेय बिचारी, चारचौघांत कशाला नाव घ्यायचं!

तू आमच्याकडे कशी आलीस, आठवतं? हे हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये होते आणि तू फोनवर म्हणत होतीस, "जेवले गं आई, खरंच जेवले." ह्यांनी घरी येऊन सांगितलं, "लातूरकडची दिसते पोरगी. आणि जेवलेली नव्हती." पुढच्या शुक्रवारी तुला घेऊनच आले. पहिल्या दिवशी तू खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होतीस. पाव मिळाला नव्हता म्हणून मी मिसळीबरोबर खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, दिली, तर तू हळूच म्हणालीस, "चांगलं लागायलंय की." तेव्हापासून ती खिडकीजवळची खुर्ची तुझी.

ह्या वर्षी टीम पहिली मॅच हरली. कुणाला काही वाटलं नाही. पहिली देवाला, असं आम्ही दरवर्षी म्हणतोच. दुसरी हरली. हे म्हणाले, "ही देवीला." तिसरी हरली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता देव संपले. आता कारणं शोधा."

मग काय, कारणांना तोटा आहे का? ह्यांचं म्हणणं, टॉस. टॉस हरतो, मग दव पडतं, मग चेंडू हातातून सुटतो. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, सुरुवातीचे फलंदाज. "बॅट हातात आहे हे त्यांना आठवेपर्यंत निम्मी षटकं जातात." आणि मिस्त्रींचं बोट मात्र एकाच माणसाकडे. तो शेवटची षटकं टाकणारा आपला बोलर.

"ह्येका आधी टीमातून भायर काढा! ह्येच्या हातात बॉल दिलो काय मॅच गेली!"

तू शेवटची आलीस त्या संध्याकाळीही तसंच झालं. शेवटच्या षटकात त्याला तीन षटकार बसले.  मी स्वयंपाकघरात होते. मिस्त्रींना गप्प बसणं जमत नाही, ते तुझ्याकडे वळून हसत म्हणाले, "काय गे, तू येवक लागल्यापासून एक मॅच जिंकलो नाय आपण. पनवती गे तू!"

सगळे हसले. तूही हसलीस. मला आतून ऐकू आलं तुझं हसणं, आणि माझ्या हातातला झारा तसाच राहिला. कारण आदल्याच शुक्रवारी, माझ्या शेजारी उभी राहून पोळ्या लाटताना, तू मला काय सांगितलं होतंस?

आयसीयूतले तुझे पेशंट त्या आठवड्यात एकामागून एक गेले होते. बाकीच्या सिस्टर ड्युटीचा चार्ट बघून हसत म्हणायच्या, आज ही आहे ना, मग रात्र जड जाणार. त्यांच्या मनात काही नसेल. दमलेली माणसं असं बोलतात. पण तू लाटणं थांबवून स्वतःच्या हातांकडे बघत म्हणालीस, "मावशी, मला बी वाटायलंय आता, माझ्या हातालाच काहीतरी झालंय. सोडावी म्हणते नोकरी. जावं गावाकडं." मी म्हटलं, गप गं, असं काही नसतं. पण त्याहून पुढचं मला सुचलं नाही. पोळी करपली, तो विषय तिथेच राहिला.

आणि आठ दिवसांत आमच्याच घरात तोच ठपका. जेवून गेलीस त्या दिवशी, "येते मावशी" म्हणालीस, आणि आली नाहीस.

पुढचं तुला सगळं माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

पुढच्या शुक्रवारी तू नव्हतीस. तरी हरलो! आणि नुसते नाही, पार आडवे होऊन हरलो. डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींना विचारलं, "काय मिस्त्री, आज कुणाच्या नावावर घालायची?" मिस्त्री रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. "वयनी, ता पोर रागावला काय गे? मी आपला मस्करीन बोललंय."  त्याच्या पुढच्या वेळी मिस्त्री आले, ते हॉलमध्ये शिरेचनात. बाहेर पॅसेजमध्ये चपलांच्या स्टँडजवळ स्टूल टाकून बसले. म्हणाले, "ती नाय, तरी हरलो. मगे पनवती मीच असतलंय. आज हंयसून बघतंय." तिथून टीव्हीचा अर्धाच कोपरा दिसतो. दर चेंडूला आतून विचारायचे, "काय झाला? काय झाला?" आमचे हे वैतागून म्हणाले, "आत येऊन बघा नाहीतर गप्प बसा!" त्याही दिवशी हरलो. मिस्त्री स्टूल जागेवर ठेवून आत आले. तुझ्या खुर्चीवर मात्र बसले नाहीत. जमिनीवर बसले.

आणि पुढच्या शुक्रवारी, आपली बॅटिंग अजून बाकी असतानाच, पुन्हा त्या बोलरला शिव्या सुरू. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"मिस्त्री, मला एक सांगा. त्याला चेंडू कधी देतात?"

"शेवटाक."

"का?"

"कित्या म्हणजे? दुसरो कोण टाकतलो? बाकीच्यांचे पाय कापतत."

"म्हणजे मॅच आधीच हातातून चाललेली असते, समोर मारायलाच उभे असलेले फलंदाज, आणि चेंडू त्याला. त्यातल्या त्यात तोच टाकू शकतो म्हणून. मग मार बसला की नाव त्याचं. पहिली षटकं टाकून मोकळे होणाऱ्यांना कोणी विचारतं का?"

मी चहा घेऊन बाहेर येत होते. तशीच थांबले. म्हटलं, "डॉक्टरीणबाई, आयसीयूत सगळ्यात सिरियस पेशंट कुठल्या सिस्टरला देतात हो?"

त्या म्हणाल्या, "जिचा हात चांगला तिला. नवशिकीला कोण देईल, काकू? का?"

"सहज," म्हटलं, आणि चहा तिथेच ठेवून बेडरूममध्ये जाऊन तुला फोन लावला.

तू उचललास. मी एका दमात सगळं सांगितलं, बोलर, षटकं, डॉक्टरीणबाई. मग विचारलं, "वॉर्डात सगळ्यात अवघड पेशंट कुणाच्या वाट्याला येतात गं?"  तू म्हणालीस, "मलाच देतात, मावशी. इनचार्ज म्हणतात, तू असलीस की मला घरी निवांत झोप लागते." असं म्हणालीस, आणि मग रडलीस. मी रडू दिलं. बाहेर हे ओरडले, विकेट गेली वाटतं. तू नाक ओढत विचारलंस, "आपली का त्यांची?" म्हटलं, आपलीच गं.

राजीनाम्याचं विचारलं तर "बघते" म्हणालीस. ते तुझं तू बघ. मी म्हातारी, मला वॉर्डातलं काय कळतं. गावाकडे जायचं असेल तर जा, आई आहे तिकडे, तिला बरंच वाटेल. पण आईची आठवण येते म्हणून जा. हाताला काही झालंय म्हणून जाऊ नकोस. त्या गेलेल्या माणसांच्या उशाशी शेवटी कोणीतरी होतं ना? ती तू होतीस. त्यांच्या घरची माणसं तर किती लांब असतील.

हे सगळं वाचून मिस्त्रींना कळलं तर कळू दे. कळायलाच हवं. मागच्या शुक्रवारी त्यांनी गावाहून आलेली आमसुलं आणून दिली. "तिका सोलकढी करून घाल," म्हणाले, आणि लगेच टॉसकडे बघायला लागले. मी डबा तसाच ठेवलाय, झाकण उघडलेलं नाही.

अजून हरतोच आहोत आपण. ह्या शुक्रवारीही मॅच आहे, आणि समोरची टीम जोरात आहे म्हणे. जिंकलो तर बरंच, पण हरलो तरी ये. खिडकीजवळची खुर्ची रिकामीच आहे. ड्युटी असली तर सुटल्यावर ये, शेवटची षटकं तरी सापडतील. येताना खालच्या बाकाल्यातून, त्या किराणा दुकानातून, नारळाचं दूध आणशील का? सोलकढीला लागेल. ये गं, लवकर ये.