पंधरापैकी चौदा

आमचे हे पडले ते स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या स्टुलावरून. ट्यूब बदलत होते. स्टुलाचा एक पाय दुमडला आणि ह्यांचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. मी धावले तोवर हे उठून बसलेसुद्धा. "काय न्हाय झालं," म्हणाले. रक्त नव्हतं, नुसतं टेंगूळ. मी चहा टाकला.

चहा पिताना ह्यांनी विचारलं, "ट्यूब लागली का?"

"लागली."

कप खाली ठेवला आणि पुन्हा, "ट्यूब लागली का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण आमच्या ह्यांना चेष्टा करायची सवय नव्हती. रेवदंडा ते अलिबाग रिक्षा चालवणारा हा माणूस दिवसाकाठी जेमतेम वीस वाक्यं बोलायचा, आणि त्यातली निम्मी तरी "सरकून बसा" असायची. तोच प्रश्न सहाव्यांदा आला तेव्हा कळलं, ही चेष्टा नाही. मग त्यांना उलटी झाली. मी शेजारच्यांची रिक्षा बोलावली. हे मागे माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसले होते, तरी चौलच्या वळणावर त्या रिक्षावाल्याला म्हणाले, "गिअर टाक, गिअर." आणि मला, "ट्यूब लागली का?"

अलिबागच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, हात दाबायला सांगितला, पाय हलवायला सांगितले. मग विचारलं, "काका, आज वार कोणता?"

"बुधवार."

"बुधवारच," मीही मान हलवली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज गुरुवार आहे. तुम्हीपण पडलात का?"

त्यांनी समजावून सांगितलं, की डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल, तिन्हीचे मिळून पंधरा गुण असतात. माणूस किती शुद्धीत आहे ते त्यावरून कळतं. ह्यांना चौदा मिळाले होते. एक गुण बोलण्यात गेला, कारण बोलतायत पण गोंधळलेत. मी पनवेलला मोठ्या नणंदेला फोन करून हे रडत रडत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पंधरात चौदा? अगं, शाळेत कधी एवढे मिळाले नव्हते त्याला." आणि मग त्याही रडायला लागल्या.

स्कॅनमध्ये कपाळामागे थोडा रक्तस्राव दिसला. ऑपरेशन नको, पण नजरेखाली ठेवायला हवं, असं ठरलं. तासातासाला नर्स यायची, उठवायची आणि नाव विचारायची. दुसऱ्या दिवशी हे वैतागून म्हणाले, "सिस्टर, एवढ्या येळा सांगितलं, अजून पाठ न्हाय झालं तुम्हाला?" नर्स खूश झाली. म्हणाली, हे सुधारायचं लक्षण आहे.

नंतरचा स्कॅन चांगला आला. रक्त जिरलं होतं. आम्ही पेढे वाटले आणि घरी आलो. मला वाटलं, संपलं.

घरी आल्यावर सुरू झालं.

पहिला नंबर लागला नणंदबाईंचा. त्या भावाला बघायला आल्या, तर ह्यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "ताई, तू केवढी जाड झालीयस." नणंदबाईंचा हात डब्यातल्या लाडवावर तसाच राहिला. मग शेजारचे भजनीबुवा आले. त्यांना म्हणाले, "बुवा, तुम्ही वरच्या पट्टीत गेलात की माझं डोकं फुटतं. आधीपण फुटायचं." बुवांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं.

एका दुपारी जेवणासाठी सुकट भाजली. आमच्या गल्लीत सुकट भाजली की चार घरांना कळतं. हे तव्याशेजारी बसून विचारत होते, "जेवायला काय हाय?" तेव्हा लक्षात आलं, ह्यांना वासच येत नाही. गॅस उघडा राहिला तरी कळणार नाही, या विचाराने मी घाबरले. ताट वाढलं तर मात्र दोनदा सुकट मागून घेतली.

"तुम्हाला आवडते एवढी?" मी विचारलं. इतक्या वर्षांत एकदा म्हणून तारीफ केली नव्हती.

"न्हाय. वासानं जात न्हवती. आता चालते."

राग यायचा तो वेगळाच. मिक्सर लावला की ओरडायचे, दोघं एकदम बोलले की उठून जायचे, दुपारी बसल्या बसल्या झोपायचे. लोक म्हणायचे, चांगला तर दिसतो, आता रिक्षा काढायला काय झालं? मलाही एकदोनदा तसंच वाटलं.

शेवटी नवी मुंबईला एका बाईंकडे गेलो. मेंदूला मार लागल्यावर विचार करणं, लक्षात ठेवणं कसं चाललंय ते त्या तपासतात. घड्याळ काढायला लावलं, ते छान काढलं. मग म्हणाल्या, "एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा."

"सुरमई, पापलेट, हलवा, बोंबील, मांदेली..."

"मासे सोडून सांगा."

मिनिट संपत आलं. मग म्हणाले, "कोंबडी."

हसत हसत चाललेल्या त्या तपासणीत एक जागा आली तेव्हा मात्र माझं हसू गेलं. एक आकडा, एक अक्षर, पुन्हा आकडा, असं आळीपाळीने जोडत जायचं होतं. कागद ह्यांच्यासमोर, पेन्सिल हातात, आणि कपाळावर घाम. तिसऱ्यालाच अडकले. ज्या माणसाने बाजारातल्या गर्दीतून एका हाताने रिक्षा काढली, तो कागदावरच्या दोन ठिपक्यांमध्ये हरवला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. कपाळामागचा भाग माणसाला थांबवतो, बोलण्याआधी विचार करायला लावतो, दोन कामं एकदम सांभाळतो. स्कॅन स्वच्छ दिसला म्हणजे ते सगळं जागेवर आलं असं नाही. वासाचे तंतू फार नाजूक असतात, डोकं जोरात आपटलं की तुटतात. कधी येतात परत, कधी नाही. "हे मुद्दाम करत नाहीत," त्या मला म्हणाल्या. "आळसही नाही आणि चढेलपणाही नाही." गाडी मात्र तूर्त चालवायची नाही.

 घरी पोचल्यावर हे म्हणाले, "मग रिक्षा कोण चालवणार?"

"मी," म्हटलं. का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. सायकलसुद्धा येत नव्हती मला.

नागावच्या मोकळ्या रस्त्यावर शिकले. हे मागे बसायचे. पूर्वीचे हे असते तर गप्प बसून दात आवळले असते. आता क्लच सुटला की तिथल्या तिथे निकाल लागायचा. "वाईट. फार वाईट." मी चिडायचे, पण कुठे चुकलं ते लगेच कळायचं. यथावकाश लायसन निघालं, परमिटची कामं नणंदेच्या मुलाने केली, आणि मी स्टँडवर उभी राहिले. रांगेतल्या पुरुषांनी आधी घसे खाकरले, मग जागा दिली.

सुरुवातीला हेही बरोबर यायचे. एकदा मुंबईचं एक जोडपं बसलं, मांडव्याच्या बोटीला जायचं होतं. निघाल्यावर बाई कौतुकाने म्हणाल्या, "वा, लेडी ड्रायव्हर."

"हिला उलटा गिअर अजून नीट जमत न्हाय," हे त्यांना म्हणाले. "पण पुढं चांगली जाते."

नवऱ्याने बाजूची सळई घट्ट धरली. मांडव्याला उतरेपर्यंत सोडली नाही.

आता दीडेक वर्ष झालं. राग बराच कमी झालाय. तपासून परवानगी मिळाल्यावर हे सकाळच्या दोन फेऱ्या मारतात, दमायच्या आत घरी येतात, पुढचा दिवस माझा. बुवांनी पट्टी उतरवली. भजनाला गर्दी वाढली म्हणतात. नणंदबाई महिनाभर बोलल्या नाहीत, मग आल्या आणि ह्यांच्यासमोर डबा उघडून दोन लाडू खाल्ले.

परवा रिक्षा धुताना हे मधेच थांबून म्हणाले, "दवाखान्यात तू रडत व्हतीस ना, लय वाईट दिसत व्हतीस."

"असं बोलतात का?"

"म्हणून मी डोळं मिटून पडायचो," म्हणाले, आणि पुन्हा चाक पुसायला लागले.