मावशीचं रान

विद्यापीठाच्या शिरूरजवळच्या केंद्रात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा इमारतीमागं नुसता मुरमाड माळ होता. तिथं देशी झाडांचा संग्रह उभा करायचं मी मनावर घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली. मी खुटबावहून रोज यायचे आणि वहीत मेलेल्या रोपांपुढं फुल्या मारत बसायचे.

रोजंदारीवर पाणी घालायला निमोण्याच्या एक मावशी येत. एकदा त्या माझ्याशेजारी टेकल्या. "मॅडम, वहीत बघून झाड जगतं व्हय? मला मडकी आणून द्या."

तळेगावच्या बाजारातून मी मडकी आणली. मावशींनी बुडाला भोक पाडून चिंधीची वात घातली आणि रोपाशेजारी एकेक मडकं पुरून पाण्यानं भरलं, म्हणजे मुळांशी ओल थेंबथेंब झिरपत राही. अंजन तगला, काटेसावर तगली. काही वर्षांनी एका रविवारी त्यांचा फोन आला, "बहावा फुललाय. आजच या, उद्या वारं सुटलं तर गळंल."

मी गेले. पिवळ्या झुंबरांखाली बसून आम्ही त्यांची भाकरी निम्मी निम्मी खाल्ली.

पुढं बागेच्या नावासाठी बैठक बसली. थोरामोठ्यांची नावं निघाली, एका देणगीदाराच्या वडिलांचंही. मी मावशींचं नाव सुचवलं. मग संचालक म्हणाले, "त्यांना विचारलंय का तुम्ही?"

विचारलं नव्हतं. मला ओशाळल्यासारखं झालं.

मावशींना बोलावलं. त्या दारातच थांबल्या, तेव्हा संचालकांनी स्वतः खुर्ची पुढं केली. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माझं नाव नगं, साहेब. खड्डे खांदायला आमच्या वस्तीतल्या चौघी होत्या माझ्यासंगं. त्यांनी काय म्हणावं?"

त्या चौघी मला आठवल्याच नव्हत्या.

"मग काय ठेवायचं?" संचालकांनी विचारलं.

"हितं शिकणारी पोरं म्हणत्यात तेच ठेवा की. मावशीचं रान. आमी पाचीजणी मावश्याच हाय."

तेच ठरलं. उद्घाटनाला पाचीजणी नेटक्या साड्या नेसून आल्या. मावशींनी एकेका अक्षराखाली बोट धरून पाटी वाचून दाखवली, तेव्हा त्या चौघींतली एक पदरानं डोळे पुसायला लागली.

भाषणं सुरू झाली तशा त्या हळूच झाडांत शिरल्या. कुठला खड्डा कुणी खांदला, यावरून त्यांचा वाद आणि हसणं मांडवापर्यंत ऐकू येत होतं.