सव्वाचार दिवसांचं वर्ष

निमगाव केतकीच्या काकांइतका उतावळा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, पानमळेवाले. एस.टी. दिसायच्या आधी हात करायचे, चहा उकळायच्या आधी कप पुढे धरायचे. असल्या माणसाच्या हाती पंच्याण्णव साली वर्तमानपत्राचं एक पान लागलं. भाद्रपदाच्या चौकोनापाशी, पन्नास प्रकाशवर्षांवर, एका ताऱ्याभोवती नवा ग्रह सापडला होता. वजनाने गुरूच्या निम्मा, नुसत्या वायूचा, हजार अंशांवर तापलेला आणि ताऱ्याच्या इतका जवळ, की सव्वाचार दिवसांत फेरी पुरी!

"सव्वाचार दिसात वरीस! ह्याला म्हणायचं काम," काका म्हणाले आणि त्या दिवसापासून तिथलेच रहिवासी झाले. वय विचारलं, की पाच हजारांच्या पुढचा आकडा सांगायचे. एकदा मावशीला म्हणाले, "तितं दर पाचव्या दिशी दिवाळी." विड्याच्या पानांच्या जुड्या, म्हणजे कवळ्या, लावता लावता मावशी म्हणाली, "मग लुगडंबी पाचव्या दिशी आणा की!" पुढे आठवडाभर घरात ग्रहाचं नाव निघालं नाही.

त्याच हिवाळ्यात मळ्यातल्या नव्या विहिरीची पूजा होती. नारळ फोडायचा मान थोरल्या भावाचा, बावड्याच्या आबांचा. त्यांची एस.टी. यायला उशीर झाला आणि काकांनी नारळ फोडून टाकला! आबांनी विहिरीपाशी येऊन ती भकलं पाहिली. "वरीसभर तुजं त्वांड बगणार न्हाय," एवढं बोलून ते पाणीही न पिता परतले. काकांचं जेवणावरून मन उडालं. मळ्यात कुणाशी बोलेनात.

पाचव्या दिवशी नवा नारळ घेऊन ते बावड्याला निघाले. मी सोबत होतो. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी तोंड फिरवलं.

"आबा, वरीस भरलं," काका म्हणाले.

"कुठं भरलं?"

काकांनी खिशातून कात्रण काढलं आणि ग्रहाची सगळी हकिगत सांगितली. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तितं नारळ मिळतो?"

"न्हाय."

"मग आण हिकडं. हितंच फोडतो."

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. त्यांनी बजावलेलं वर्ष अजून भरायचं होतं.

वर्षश्राद्ध आटोपून आम्ही बावड्याहून परतत होतो. काकांना जरा बरं वाटावं म्हणून मी विचारलं, "काका, आबांना जाऊन तिथली किती वर्षं झाली हो?" हा हिशोब त्यांना एरवी तोंडपाठ असायचा.

काका हळूच म्हणाले, "आबास्नी हितल्याच वरसानं मोजायचं. तितल्या हिशोबानं ते लई लांब जात्यात."