बिनखोटीचा डबा

दादा कुणाच्याही घरी गेला की समोर आलेलं पाणी प्यायच्या आधी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायचा. बोट कुठं अडलं की घरधनी कितीही मोठा असो, त्याच्याकडं बघून म्हणायचा, "इथं घासायचं राहिलंय." माझ्यासाठी स्थळ बघायला गेला तेव्हाही त्यानं हेच केलं. परत आल्यावर आईनं विचारलं, पोरगा कसा आहे? तर म्हणाला, "पोरगा बरा हाय, पण घरातलं एक बी दार नीट लागत न्हाई." ती दारं अजूनही लागत नाहीत. संसार मात्र झाला, कारण दारं बघून लग्न करायचं नसतं एवढी अक्कल मला होती.

प्रभाकर, माझा थोरला भाऊ, जाऊन आता वर्ष होत आलं. नांदेडला त्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या शोकसभेला, माणसं उठून उठून बोलली. कुणी म्हणालं, हाडाचा कारागीर. कुणी म्हणालं, हातातलं काम कधी अर्धवट सोडलं नाही. टेलिफोन खात्यातले त्याचे जुने सोबती म्हणाले, प्रभाकररावांनी जोडलेली वायर कधी निखळली नाही. मी पुढच्या रांगेत ओठ आवळून ऐकत होते. शेजारी बसलेल्या वहिनीनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, कारण माझं तोंड तिला ठाऊक आहे. तिथं गप्प बसले. इथं बसणार नाही.

दादाला एकच मुलगी, संघमित्रा. घरात सगळे मित्राच म्हणतात. मी लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स, तेव्हा ती माझ्याकडं राहूनच आर्किटेक्ट झाली. न बांधलेली इमारत ती कॉम्प्युटरवर अशी उभी करायची की सकाळचं ऊन कुठल्या खोलीत कुठवर येईल तेसुद्धा दिसायचं. पोरगी नांदेडला परत गेली आणि तिला पुण्याच्या एका ऑफिसातून विचारणा आली. पावसाळ्यापर्यंत घरूनच आमचं काम करून दाखवा, जमलं तर पुण्यात कायमची जागा. आमच्या अख्ख्या खानदानात असं काम कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. फक्त तिच्या जुन्या लॅपटॉपला ते झेपेना, दर दहा मिनिटाला तो मान टाकायचा.

दादा नुकताच निवृत्त झालेला. त्यानं हात आखडला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. मित्रानं सांगितला तो प्रोसेसर, सांगितलं ते ग्राफिक कार्ड, सगळे भाग मागवले. कॅबिनेट तेवढं मागवू दिलं नाही. "बाजारचं कॅबिनेट म्हंजे पत्र्याचा डबा," तो म्हणाला. "नांदेडच्या उन्हाळ्यात भट्टी होईल भट्टी. माझ्या लेकीचा डबा मी करणार. ॲल्युमिनियमचा. हातानं." मित्राला तेव्हा आनंदच झाला होता. तिनं मला फोनवर सांगितलं, "आत्या, बाबा माझ्यासाठी कॅबिनेट बनवून राहिले!" मला मात्र धस्स झालं. दादानं मला लग्नात द्यायचा म्हणून केलेला पाट माझ्या पोराच्या बारशाला मिळाला होता.

मागच्या बोळात, धुण्याच्या दगडाजवळ कारखाना सुरू झाला. सरकत्या खिडक्या बनवणाऱ्या दुकानातून त्यानं ॲल्युमिनियमचा पत्रा आणि अँगल आणले. पत्रा दोन लोखंडी पट्ट्यांत आवळून लाकडानं ठोकत ठोकत वाकवायचा, कारण हातोडीचा वळ उठतो. त्यासाठी वहिनीची धुण्याची मोगरी गेली. भोक पाडताना रॉकेलचे थेंब सोडायचे. कानस भरून येऊ नये म्हणून तिला खडू घासायचा. त्याचं ते काम बघत राहावं असंच असे, खोटं कशाला बोलू? पण सगळ्या घरात चकचकीत कीस झाला. पायाला टोचायचा, वाळत घातलेल्या कपड्यांत सापडायचा. वहिनी म्हणायची, "कमलताई, भाकरीचं पीठ दोनदा चाळून राहिले बघा मी."

कोनाड्यात ठेवलेला डब्याचा भाग कुणी नुसता उचलला तरी दादा ओरडायचा. पुढची बाजू झाली तेवढीच मागची घासायचा. कुणाला दिसणार आहे मागची बाजू, असं म्हटलं की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "कामाला पाठ नसती. चहूकडून तोंडच असतंय." आणि दुसरं, "लोकांची नजर कानशीपेक्षा बारीक असती, कमल." हे दुसरं वाक्य तो हसून म्हणायचा, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ते कुठून आलं हे मला माहीत आहे.

मुखेडकडच्या आमच्या गावात दादा चौथीत असताना शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. दादानं डब्याच्या पत्र्याची बैलगाडी केली होती, चाकं फिरणारी. गुरुजींनी सगळ्या पोरांच्या वस्तू वर्गातल्या टेबलावर मांडल्या आणि दादाची गाडी बाहेर ओसरीवर, जमिनीवर ठेवली. दादानं विचारलं, माझी कामून भाईर? गुरुजी म्हणाले, "कड ओबडधोबड आहे रे, कुणाला लागेल." घरी येऊन दादानं ती कड दगडावर घासली, दुसऱ्या दिवशी गाडी परत नेली. ती परत ओसरीवरच राहिली. आमची वस्ती गावाबाहेर, आमचं पाणी वेगळं, आणि आमची गाडी ओसरीवर. खोट कडेत नव्हती, हे मला लहान असून कळलं. दादाला कळलं नसेल असं होणारच नाही. पण कड घासता येते. बाकीचं कशानं घासायचं? म्हणून तो जन्मभर कडाच घासत बसला. त्या गुरुजीचा मला अजून राग येतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्याहून जास्त दादाचा येतो.

उन्हाळा तापला, पुण्याचं काम येऊन पडलं. महागाचे सगळे भाग खोक्यांत बंद, खोकी कपाटात, कपाटाची किल्ली दादाच्या खिशात. एका सकाळी मित्रानं बापाला समजावलं. मी त्या दिवशी सुट्टी काढून नांदेडला आले होते, समोरच बसले होते.

"बाबा, डब्याबिगर बी चालतंय ते. टेबलावर पुठ्ठा टाकते, त्यावर सगळं मांडते, आजपासून काम सुरू करते. डबा झाला की आत बसवू."

"उघड्यावर?"

"त्याला काही होत न्हाई, बाबा. बरेच जण तसंच वापरतात."

"बरेच जण वापरू दे. आपल्या घरातली वस्तू उघड्यावर मांडायची न्हाई. कुणी आलं, बघितलं, काय म्हणंल? बापानं अर्धं दिलं म्हणंल. येत्या जयंतीला डबा तयार. बटन तू दाबायचं." आमच्याकडं नवी वस्तू चौदा एप्रिलच्या जयंतीलाच वापरायला काढतात, त्यामुळं त्याचा हा वायदा सगळ्यांना पटण्यासारखा वाटला.

जयंती आली आणि गेली. डब्याचं एक भोक केसभर सरकलं होतं, म्हणून त्यानं ती बाजूच नवी करायला घेतली. तेव्हा मित्रानं गुपचूप बाजारातून एक साधं कॅबिनेट आणलं. दादानं ते बघितलं. तो ओरडला नाही. त्यानं झाकण काढलं, आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि रक्त आलेलं बोट तिच्यासमोर धरलं. "बघ," म्हणाला. बस्स. मग स्वतः जाऊन कॅबिनेट दुकानात परत करून आला. मी फोनवर ऐकलं तेव्हा म्हटलं, अरे, तुला कोणी सांगितलं होतं आत बोट घालायला? पोरीला त्यात कॉम्प्युटर घालायचा होता, बोट नाही! दादानं फोन वहिनीकडं दिला.

शेवटी, पुण्याची मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना डबा झाला. मित्रानं मला फोटो पाठवला. मोजकं, शांत काम. संध्याकाळी भाग बसवायचं ठरलं. दुपारी शेजारचे देशमुख सर आले, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. माणूस प्रेमळ, दादाचा चहा-गप्पांचा सोबती. त्यांनी डब्यावर टकटक केलं आणि मनापासून म्हणाले, "वा, प्रभाकरराव! काय जुगाड केलाय राव!"

दादा हसला. त्यानं सरांना चहा पाजला, फाटकापर्यंत सोडलं. मग आत येऊन ड्रिल मशीन घेतलं आणि एकेक रिवेट फोडून अख्खा डबा सुटा केला. मित्रा समोर उभी राहून "बाबा, नका ना, बाबा" म्हणत होती, असं वहिनीनं मला रडत सांगितलं. मी मिळेल ती एसटी धरून लातूरहून नांदेड गाठलं.

"दादा, सर तुझं कौतुक करून गेले रे!" मी म्हटलं.

"जुगाड म्हनले."

"अरे, लोक कशालाही म्हणतात जुगाड. चांगल्याला पण म्हणतात."

"त्यांच्या पोरानं केलं असतं तर डिझाईन म्हनले असते. मी केलं तर जुगाड." तो पत्र्याकडंच बघत बोलत होता. "रिवेट दिसून राहिले ना वरून, म्हणून म्हनले. आता आतून स्क्रू घेतो. वरून काही दिसणार न्हाई. मग कोण बोलतंय बघू."

"आणि पोरीचं काय?"

"आठ दिस, कमल. आठ दिसानं काय बिघडतंय?"

सरांबद्दल तो खोटं बोलत नव्हता. देशमुख सरांचा पोरगा असता तर डिझाईनच म्हटलं असतं, मी पैज लावते. पण तुला ज्यांनी दुखावलं त्यांच्यापर्यंत तुझी कानस पोचत नाही म्हणून ती लेकीवर चालवायची? हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं. वहिनीनं पदर तोंडाला लावला. मित्रा उठून गच्चीवर गेली. मी कपाटाची किल्ली मागितली तर दादानं खिशावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मला म्हणाला, "तू पाहुणी हायेस, कमल. पाहुण्यासारखी रहा." मी त्याच पावली निघाले. बस स्टँडवर बसून रागानं रडले.

आठ दिवस म्हणता पावसाळा आला. पुण्याच्या ऑफिसानं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं आणि मित्राला दोन ओळींत आभार कळवले. ती रडली नाही, भांडली नाही. महिनाभरात तिनं हैदराबादला नोकरी धरली, कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. मी म्हटलं, अगं, तू शिकलीस काय आणि करतेस काय? म्हणाली, "आत्या, इथं टेबल मिळालंय, कॉम्प्युटर मिळालाय. कुणी घासत बसत न्हाई." बापाबद्दल एवढंच बोलली, पुन्हा कधी नाही.

पुढच्या जयंतीला डबा पूर्ण झाला. खरंच पूर्ण. मी त्यात खोट शोधायची म्हणून शोधली, मिळाली नाही. एक स्क्रू दिसत नव्हता, एक सांधा हाताला लागत नव्हता, पाण्यात एकाच दिशेनं घासलेल्या अंगावर उजेड मऊ पडायचा. दादानं मित्राला आग्रह करून बोलावून घेतलं. घर माणसांनी भरलं. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, आणि दादा नवा पांढरा शर्ट घालून म्हणाला, "आता माझी लेक बटन दाबंल."

मित्रानं बटन दाबलं. पंख्याचा आवाजसुद्धा आला नाही इतका डबा थंड आणि गप. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं येताना पेनड्राइव्ह आणला होता, त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर बसायला वेळ लागला, तोवर लोकांनी खीर खाल्ली. मग पडद्यावर विचारणा झाली, हा कॉम्प्युटर कोण वापरणार, नाव टाका. दादा तिच्या खुर्चीमागं उभा होता. मित्रानं थांबून विचार वगैरे केला नाही. तिनं टाकलं, प्रभाकर. आणि उठून वहिनीला वाट्या गोळा करू लागली.

लोकांना भरून आलं. पोरगी असावी तर अशी, बापाचं नाव लावलं, असं जो तो म्हणायला लागला. संध्याकाळी तिची हैदराबादची गाडी होती, ती गेली. सगळे पांगल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. दादा आत आला, नळाखाली हात धूत राहिला. हात स्वच्छच होते.

"कमल," तो म्हणाला, "लोक म्हणून राहिले, पोरीनं बापाचं नाव ठेवलं."

"ऐकलं मी."

"तसं न्हाई ते." त्यानं नळ बंद केला. "तिनं डबा मला परत दिला."

तो माझ्याकडं बघत होता. आपल्या माणसाचं तोंड असं झालं की आपण खोटं बोलतो. नाही रे दादा, प्रेमानं लावलं तिनं, काहीतरी मनात आणतोस, असं म्हणणं सोपं होतं. दवाखान्यात मी रोज परक्या माणसांना असं धीराचं खोटं सांगते. पण हा माझा भाऊ होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला कडेपलीकडचं दिसलं होतं.

"हाव, दादा," मी म्हटलं. "परत दिला."