कातडं मधोमध ठेवलंय

माझे आजोबा दारू पिऊन मेले नाहीत.

दर दसऱ्याला हे लिहिते. पुढच्या दसऱ्यालाही लिहिणार.

मागच्या वर्षी एका नातेवाइकाने खाली कमेंट टाकली, "आमच्या घरी वेगळं ऐकलंय."

तर आज नीट ऐका.

एकोणीसशे तीसच्या दशकातलं सोलापूर. आजोबा एका गिरणीमालकाच्या विमानाचे पायलट. विमान म्हणजे काय, दोन सीट, कापडाचे पंख आणि पुढे एक इंजिन. गावाबाहेरच्या माळावर पत्र्याची शेड, तिथे ते उभं असायचं.

पेट्रोल ड्रममधून यायचं, तिथून डब्यांत काढायचं. आजोबा ते मऊ कमावलेल्या कातड्यातून गाळून टाकीत भरायचे. पेट्रोल खाली उतरतं, पाणी असलं तर वरच राहतं, इंजिनात जाऊन ते बंद पाडत नाही. एवढी साधी युक्ती.

खंडेनवमीला आजी शेडवर गेली. हत्यारांची पूजा करायची म्हणून नट-बोल्ट आवळायचे पाने पुसले, नरसाळं घासलं, पेट्रोलचे डबे आतून बाहेरून लख्ख धुतले. झेंडूच्या माळा घातल्या.

कातडं मात्र तिने बाहेर खिळ्याला अडकवलं. पूजेत कातडं कसं ठेवणार?

दसऱ्याला सकाळी आजोबांनी ड्रममधून डबे भरून घेतले आणि कातडं मागितलं.

"सणाचं कातड्याला नका शिवू," आजी म्हणाली. "हे कोरं धोतर घ्या. दोन पदरी केलंय. मुंगीसुदिक जायची न्हाय."

आजोबा हसले. "बरं. आजच्या दिवस."

गावावरून उडत जाऊन आपट्याची पानं उधळायची, असा बेत होता. सोनं वाटायचं, तेही आभाळातून! लोक गच्च्यांवर उभे होते.

टेकऑफ झाला. विमान माळ ओलांडून गेलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

तुरीच्या रानात पडलं. पानांचं पोतं फाटून सगळं सोनं तिथेच सांडलं होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, पायलट प्यायला होता. वर कसरती करत होता.

दिवसकार्य झाल्यावर आजी थेट शेडवर गेली. नुकतीच विधवा झालेली बाई, माझे वडील पोटात. लोक बघत राहिले. गिरणीचा मॅनेजर तिथेच होता.

"बाई, झालं ते झालं. पण दारू पिऊन..."

"थांबा की सायेब."

तिने दसऱ्याला भरलेला, उरलेला डबा ओढला. खिळ्यावरचं कातडं काढलं, नरसाळ्यात घातलं आणि डबा ओतला.

पेट्रोल उतरलं. कातड्यात वाटीभर पाणी राहिलं.

"बगा. डबे मी धुतले, वाळवले न्हाईत. कातडं मी काढलं. धोतर मी दिलं, त्यांनी माझ्या शब्दाखातर घेतलं. धोतरातनं पानी बी उतरलं. चूक आमा दोगांची हाय. पण दारूच्या थेंबाला शिवले न्हाईत ते. परत कुणी म्हणलं तर हितं आणा, मी दावते."

मॅनेजरने दारूचा विषय सोडला. गाव गप्प बसलं नाही. आजीही बसली नाही.

पुढच्या खंडेनवमीला तिने देवघरात तेच कातडं मांडलं.

थोरल्या जाऊबाई ओरडल्या, "अगं, कातडं? देवात?"

"व्हय. देवातच."

"विटाळ होतो!"

"होऊ द्या. मागच्या साली विटाळ पाळला. माझा मानूस गेला."

लोकांनी आमच्याकडे जेवायला येणं सोडलं. आजीने कातडं सोडलं नाही. मी लहानपणी विचारायचे, तुला रडू येत नाही का गं? ती म्हणायची, "लई येतं. पन लोकांफुडं न्हाय."

मला तिचा फार अभिमान आहे. आणि त्या कमेंटवाल्याचा राग येतो, तोही लपवत नाही.

काल खंडेनवमी झाली. माझा लॅपटॉप, मुलाच्या बाइकची किल्ली, आजोबांचे पाने.

कातडं मधोमध. झेंडू त्यालाच पहिला.

आजोबा, आजी, तुम्हा दोघांना नमस्कार. आता ज्याला जे म्हणायचं असेल, त्याने घरी येऊन म्हणावं.