फसल्याची पानं

आमच्या आक्काला स्वयंपाक येत नव्हता.

म्हणूनच तिनं पाकशास्त्राचं पुस्तक लिहिलं. आणि ते रत्नागिरीत गाजलं!

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. तिला जाऊन आज पंचवीस वर्षं झाली. ही गोष्ट तिनं मला इतक्यांदा सांगितली आहे, की मीच तिथे हजर होते असं वाटतं.

एकोणीसशे तीसच्या पुढेमागे आक्का लग्न होऊन रत्नागिरीच्या मांडवीत आली. नवरा आगबोटीवर कारकून, महिनोन् महिने बाहेर. घरात सासू नाही, जाऊ नाही. शिकवणार कोण?

नवऱ्यानं मुंबईहून एक जाडजूड पाकशास्त्र आणून दिलं. त्यात लिहिलेलं, 'उत्तम उकड काढून मोदक वळावेत.'

उत्तम म्हणजे कशी, ते नाही. फुटले तर काय करायचं, तेही नाही.

चतुर्थीला आक्काचे एकवीसच्या एकवीस मोदक फुटले. बाप्पानं त्या वर्षी सारणाची आमटी खाल्ली.

आक्का रडली. मग चिडली. आमच्या घरात रडण्यापेक्षा चिडणं जास्त उपयोगी पडतं.

वही घेऊन ती आळीभर फिरू लागली. रेसिपी कुणीही सांगायचं. पण "तुमचं कधी फसतं का हो?" म्हटलं की सगळ्या विषय बदलायच्या. कोण कबूल करणार?

मग तिनं आधी स्वतःचं सांगायला सुरुवात केली.

"माझे एकवीस मोदक फुटले हो काकू."

"अगो, मग माझं ऐक..."

झालं! आळीतल्या सगळ्या सुगरणींची पितळं उघडी पडली.

दारावर येणारी मासेवालीसुद्धा म्हणाली, "बाय, माजा सार खारट झाला. नवऱ्यान तोंड वाकडा केलान."

"मग काय केलंस?"

"नारलाचा रस वतला नि गप ऱ्हायली."

आक्कानं हेही लिहून घेतलं.

दोन वर्षांत वही भरली. प्रत्येक पदार्थाच्या मागे एक पान. वर मथळा: 'फसलं तर'.

वही घेऊन ती गावातल्या छापखान्यात गेली. मालक तात्यांनी वही चाळली.

"कृती झकास आहेत वहिनी. ही फसल्याची पानं तेवढी काढा. लोक म्हणतील, लिहिणारीलाच काही येत नाही."

"ज्यांचं कधी फसत नाही, त्यांना पुस्तक कशाला हवंय हो तात्या?"

"ती पानं असतील तर मी छापायचा नाही."

दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ. पण ती पानं काढली, तर तिचं पुस्तक त्या मुंबईच्या पाकशास्त्रासारखंच होणार होतं.

"मग एक करा," आक्का म्हणाली. "माझी वही बघून तुम्ही घावनं करा. मी तोंडातून शब्द काढणार नाही. जमलं नाही तर ती पानं मी स्वतः फाडीन."

तात्या जन्मात चुलीपुढे बसले नव्हते. पण छपाईचे खिळे जुळवणारी सगळी माणसं ऐकत होती. नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी, छापखान्यामागच्या पडवीत परीक्षा. तात्यांच्या बायकोनं चूल पेटवून दिली आणि तोंडाला पदर लावून बाजूला उभी राहिली.

पहिलं घावन तव्याला चिकटलं.

दुसऱ्याचा चुरा.

तिसऱ्याला तात्यांनी उलथनं आपटलं.

आक्का मला सांगायची, "जीभ दाताखाली धरून उभी होत्ये गो."

तात्यांनी चष्मा पुसला. पान उलटलं. मोठ्यानं वाचलं.

'तव्याला धरलं तर घाबरू नये. तवा खरवडून पुसावा. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवावा. कडा आपल्या आपण सुटेपर्यंत उलथनं लावू नये. पहिलं सगळ्यांचंच मोडतं.'

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

मग कांदा फिरवला, पीठ ओतलं आणि हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखे बसून राहिले.

कडा सुटल्या.

"आलं! अगो, आलं! आख्खं आलं!"

ते जाळीदार घावन ताटात घेऊन तात्या तसेच छापखान्यात धावले.

"जुळवा रे ती पानं! मथळे मोठ्या टायपात घ्या!"

पुस्तक निघालं. वर आक्काचं नाव नि मांडवीचा पत्ता. आत एकूणएक फसल्याचं पान.

त्या दिवाळीनंतर हेदवी गावची एक नवी सून आक्काच्या दारात उभी राहिली. अगदीच अनोळखी.

"पुस्तकवाल्या आक्का तुम्हीच काय हो?"

"होय. काय फसलं?"

"अनारसे तुपात हसले, पार विरघळले. सासरचे सगळे बघत होते. मी रडले नाही, तुमचं पान काढलं. पिठात कोरडी पिठी मिसळली नि पुढचे सगळे नीट तळले. सासूबाईंनी विचारलंनी, कुठे शिकलीस गो?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझं माहेर मांडवीत आहे."

त्या मुलीचं माहेर सावर्ड्याचं. मांडवी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

आक्का, जिंकलीस गो.

तुला मन भरून नमस्कार.